उंदीर मेला नव्हता

“खयतरी उंदीर मेलो हा, बघ गो.”

श्रावणातल्या एका सकाळी सासूबाईंनी हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवून मी उठले. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नसे, पण वासाच्या बाबतीत घरात त्यांच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नव्हतं. मी भाताच्या कणगीमागे पाहिलं, माळ्यावरची जुनी रोवळी आणि केरसुण्या हलवून पाहिल्या, न्हाणीच्या मोरीत काठी घालून पाहिली. वास होता, भिंतीत मुरल्यासारखा. पण वारा फिरला की नाहीसा व्हायचा. शेवटी त्याचा माग काढत परसात, माणग्याच्या बेटापाशी जाऊन पोचले. (माणगा हा आमच्या सिंधुदुर्गातला बांबू.)

कुजलेल्या पाल्यातून वीतभर उंचीचा पांढरा, जाळीदार दांडा वर आला होता. टोकाला घंटेच्या आकाराची छोटी टोपी, टोपीवर शेवाळी रंगाचा चिकट लगदा, लगद्यावर माश्यांची झुंबड. आणि टोपीखालून जवळजवळ जमिनीपर्यंत सुटलेला पांढराशुभ्र जाळीचा झगा, क्रोशाच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळावा असा. मी तिथेच ओल्या पाल्यावर बसले. सत्तावीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. या बुरशीवर मी परीक्षेत प्रश्न काढले होते, तिच्या आकृत्यांना गुण दिले होते. आणि ती आपल्या पायाने दारात आली, तर मी माळ्यावर उंदीर शोधत होते.

याला कारण आमची बरणी. प्रयोगशाळेतला नमुना फॉर्मॅलिनमध्ये होता, आणि तिथे वास यायचा तो फक्त फॉर्मॅलिनचा. झग्याचा चोथा झालेला, दांडा पिवळट पडलेला. चिठ्ठीवर माझ्या आधीच्या कोणीतरी सुबक अक्षरात ‘पी. इंड्यूसिएटस’ असं लिहिलं होतं. कपाटातल्या बाकी सगळ्या बरण्यांवर पूर्ण नावं, फक्त हिचं पहिलं नाव आद्याक्षरावर भागवलेलं. ‘फॅलस’ म्हणजे पुरुषाचं लिंग. तो शब्द मुलामुलींच्या डोळ्यांसमोर वर्षभर कशाला, असा विचार असावा. मी विद्यार्थिनी असताना आमच्या सरांनीही हे प्रकरण “घरी वाचा” म्हणून संपवलं होतं. आम्ही वाचलं. दुसरं कुठलंही प्रकरण वर्गाने इतक्या मनापासून वाचलं नसेल.

त्या सकाळनंतर मी या बुरशीच्या जुन्या कागदपत्रांत शिरले आणि माझी लाज थोडी कमी झाली. साडेचारशे वर्षांतली शहाणीसुरती माणसं तिच्याकडे बघून एक तर हसली होती, नाही तर लाजली होती. वास सगळ्यांनाच आला होता. तो नेमका कोणासाठी आहे, हे विचारायला मात्र फार उशीर झाला.

पहिला माणूस लाजणारा नव्हता. आद्रियान द योंगे हा हॉलंडमधला डॉक्टर, लॅटिन पंडित आणि कोशकार. लॅटिनमध्ये तो स्वतःला हाद्रियानुस युनियुस म्हणवत असे. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याला ही बुरशी दिसली आणि १५६४ मध्ये त्याने तिच्यावर डेल्फ्टमध्ये एक छोटं पुस्तक छापलं, अर्धं गद्यात, अर्धं पद्यात, सोबत लाकडी ठशाचं चित्र. एकाच बुरशीवर लिहिलेलं हे पहिलं स्वतंत्र पुस्तक मानतात. शीर्षकातच त्याने ‘फॅलस’ हा शब्द घातला, आडपडदा न ठेवता. विद्वानाने लॅटिनमध्ये लिहिलं की काहीही लिहिता येतं, ही सोय तेव्हाही होती. त्याचा मुद्रक हेर्मान स्खिंकल याचं पुढे १५६८ मध्ये शीर उडवलं गेलं. पण ते धर्मद्रोही पुस्तकं छापल्याबद्दल, या पुस्तकाबद्दल नव्हे. युनियुसच्या वाट्याला आलं ते वेगळंच. स्पॅनिश सैन्याने हार्लेमला वेढा घातला, १५७३ मध्ये शहर पडलं आणि त्याचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. दोन वर्षांत तो वारला. वाळूतल्या त्या जातीला पुढे १७९८ मध्ये ‘फॅलस हाद्रियानी’ हे नाव मिळालं. एखाद्या सभ्य गृहस्थाचं नाव कशाला जोडावं, याचे संकेत शास्त्रज्ञांत जरा सैल असतात.

इंग्रजांना ही गंमत हॉलंडवर ढकलायला आवडली. जॉन जेरार्डने १५९७ च्या आपल्या जाडजूड वनस्पतिग्रंथात तिचं चित्र दिलं, तेही उलटं, टोपी खाली आणि बूड वर. चुकून की लाजून, देव जाणे. जॉन पार्किन्सनने १६४० मध्ये तिला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘हॉलंडवाल्यांचं अवजार’ असा होतो. ही बुरशी कोवळेपणी अंड्यासारख्या गोळ्यात असते; जर्मन लोक त्या न फुटलेल्या गोळ्याला चेटकिणीचं अंडं म्हणतात. १७५३ मध्ये लिनियसने तिच्या युरोपातल्या नेहमीच्या जातीचं नाव कायम केलं: फॅलस इम्प्युडिकस, म्हणजे निर्लज्ज लिंग. विचार करा, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने पावसाळी पाल्यात उगवणाऱ्या एका जिवाला लाज नाही म्हणून दोष दिला.

माझ्या परसातल्या जातीची कुळकथा वेगळी. तिची एक नोंद रुम्फियसने इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर केली. हा जर्मन माणूस डच कंपनीच्या नोकरीत होता. १६७० मध्ये तो आंधळा झाला, १६७४ च्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली, १६८७ च्या आगीत चित्रं जळाली, तरी तो इतरांकडून लिहवून घेत राहिला. ग्रंथ छापून निघायला १७४१ उजाडलं, तोवर त्याला जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. त्यात तिला ‘फॅलस डेमोनम’, म्हणजे भुताखेतांचं लिंग, असं म्हटलं आहे. आंधळ्या माणसाला ती आधी नाकानेच कळली असणार, असं मला वाटतं. सासूबाई डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल. पुढे फ्रान्सच्या व्हाँतनाने १७९८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या नमुन्यावरून तिला आजचं नाव दिलं, ‘फॅलस इंड्यूसिएटस’. इंड्यूसियम म्हणजे रोमन लोकांचं आतलं वस्त्र. परकर नेसलेलं लिंग! या बुरशीला नावं ठेवणाऱ्यांच्या मनात नेमका काय गोंधळ होता, ते कळायला एवढं एक नाव पुरे.

एकोणिसाव्या शतकात हसू मावळलं आणि उरली नुसती किळस. अमेरिकेत कॉन्कॉर्डला हेन्री डेव्हिड थोरोला १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये ही बुरशी सापडली. त्याने ती घरी आणली, रोजनिशीत तपशिलाने वर्णन केली, आणि निसर्गाने हे असलं काही का घडवावं म्हणून वैतागला. झाडापानांत आयुष्य काढलेला माणूस, पण त्याचीही मती इथे गुंग झाली. एक गोष्ट मात्र त्याने अचूक टिपली. तासा-दोन तासांत सगळं घर घाणीने भरलं, आणि छतात उंदीर मरून पडल्यासारखं त्याला वाटलं. हे वाचलं तेव्हा मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मगे? मियां काय सांगलंय?”

सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट इंग्लंडमधली. चार्ल्स डार्विनची मुलगी हेन्रिएटा म्हातारपणी खास झगा आणि हातमोजे घालून, हातात टोपली आणि टोकदार काठी घेऊन रानात जायची, नाकाने माग काढत या बुरश्या शोधायची, भोसकून टोपलीत टाकायची. घरी आल्यावर दिवाणखान्याचं दार आतून लावून त्या शेकोटीत जाळायची. कशासाठी? घरातल्या मोलकरणींचं चारित्र्य बिघडू नये म्हणून. हे तिच्या भाचीने, चित्रकार ग्वेन रॅव्हराटने, १९५२ च्या आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. माणूस प्राण्यांपासून कसा आला हे सांगणाऱ्या वडलांच्या पुस्तकाची प्रुफं याच हेन्रिएटाने तपासली होती. वडील पन्नास पावलं पुढे असले तरी लेक आपल्या काळातच राहते, हे आपल्याकडच्या सुधारकांच्या घरांतही पाहिलेलं आहे. पण मला त्यातली एक गोष्ट आवडते. ती वासावर जायची. तिला हाकलायचा होता तो आकार, आणि तिथवर घेऊन जात होतं नाक.

माश्या तर सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. त्या तिथे काय करतात, याचा नीट अभ्यास १८८० नंतरच्या दशकात झाला. स्कॉटलंडच्या टी. वेमिस फुल्टनने १८८९ मध्ये ‘अॅनल्स ऑफ बॉटनी’मध्ये या घराण्यावर आणि बीजाणू पसरवणाऱ्या किड्यांवर सविस्तर निबंध लिहिला. साध्या छत्रीच्या बुरशीचे बीजाणू टोपीखालच्या पडद्यांमधून सुटतात आणि वाऱ्यावर जातात. हिचे बीजाणू त्या शेवाळी लगद्यात असतात, आणि लगद्यात साखरही असते. माशीला वाटतं, कुठेतरी मढं सडतंय. ती येते, लगदा चाटते, पाय माखून घेते आणि उडून जाते. पुढे जिथे बसेल, जिथे घाण करेल, तिथे बीजाणू पडतात. म्हणजे युनियुसपासून सव्वातीनशे वर्षं माणसं त्या दांड्याच्या आकाराविषयी बोलत राहिली, आणि दांड्याचं खरं काम इतकंच, की लगदा पाल्याच्या वर उचलून माशीच्या उंचीवर आणून ठेवायचा. बांबूवर दिवा टांगावा तसा. वास कशाचा, तेही आता ठाऊक आहे: डायमिथाइल डायसल्फाइड, डायमिथाइल ट्रायसल्फाइड अशी गंधकाची संयुगं, जी मांस सडताना सुटतात. म्हणजे सासूबाई आणि माशी, दोघींनीही एकच खूण बरोबर वाचली होती.

हीच युक्ती आपल्या स्वयंपाकघराला चांगली माहीत आहे. सुरणाचं फूल उमलतं तेव्हा असाच कुजका वास सुटतो आणि किडे धावतात. ठाण्या-रायगडातलं शेवळं हे त्याचंच भावंड. पावसाच्या सुरुवातीला त्याचे कोंब काकडं घालून शिजवतात. या दोघांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव अॅमॉर्फोफॅलस, म्हणजे बेढब लिंग. सत्तावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला सुरणाचं नाव घेताना लाजलेलं मी पाहिलं नाही. भाजी झाली की सगळं पावन होतं.

चीनमध्ये नेमकं तसंच झालं आहे. ही झगेवाली बुरशी तिथे बांबूच्या रानातलं पक्वान्न. टोपी आणि घाण लगदा काढून टाकायचा, दांडा आणि जाळी वाळवायची, मग भिजवून सूपमध्ये घालायची. शतकानुशतकं ती रानातून गोळा होत असे, विशेषतः ग्वेइचौ, युन्नान, सिचुआन या भागांत, आणि त्यामुळे महाग होती. १९७९ पासून तिची लागवड सुरू झाली आणि ती सामान्य माणसाच्या ताटात आली. परदेशातल्या चिनी दुकानांत तिची वाळकी पाकिटं मिळतात; माझ्या भाचीने एक आणलं होतं. मी हुंगलं. वाळक्या गवतासारखा वास, बाकी काही नाही. आमच्या बरणीसारखंच, सभ्य केलेलं. याउलट माँटेनिग्रोच्या उत्तर भागातले शेतकरी तिथल्या जातीचा हा दांडा झुंजीच्या बैलाच्या मानेला चोळतात, ताकद यावी म्हणून. गोव्यातल्या धिरयोवाल्यांच्या, म्हणजे बैलांच्या झुंजी लावणाऱ्यांच्या, कानावर हे अजून गेलेलं दिसत नाही.

पण या साऱ्या नावांत आणि वापरांत मला मनापासून पटलं ते एकच, नायजेरियातल्या योरुबा लोकांचं. ते हिला ‘अकुफोदेवा’ म्हणतात. त्यात मरणं, शिकारी आणि शोधणं असे शब्द गुंफलेले आहेत. रानात शिकाऱ्याला मेलेल्या जनावराचा वास येतो, आपण घायाळ केलेलं सावज इथेच कुठे पडलं असेल म्हणून तो झाडोरा पिंजून काढतो, आणि सापडते ही. आकाराचा त्यात उल्लेखही नाही. वासापासून फसगतीपर्यंत सगळी गोष्ट एका शब्दात, आणि ती थेट माझी गोष्ट.

आमच्याकडची विभागणी सरळ आहे. खायची ती अळंबी, उरलेली कुत्र्याची छत्री. रोंयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी पानात गुंडाळून गोव्याच्या बाजारात येतात तेव्हा त्यांच्या भावावरून भांडणं होतात. कुत्र्याच्या छत्रीकडे मात्र कोणी वळून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. त्या पावसाळ्यात मात्र बघायला बसले. लाकडी पाट, घड्याळ आणि वही घेऊन. पहिल्या दिवशी पावणेआठला मोजायला सुरुवात केली, तेव्हा टोपीवर निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या होत्या, एकमेकींना ढकलत. साडेदहापर्यंत लगदा संपला. टोपी धुतल्यासारखी पांढरी झाली, तिच्यावरचे मधाच्या पोळ्यासारखे खळगे दिसू लागले, आणि वास गेला. दुपारी सासूबाईंनी विचारलं, “गावलो उंदीर?” मी हो म्हटलं.

शेजारीच पाल्यात अंडी सापडली. लिंबाहून थोडी मोठी, मळकट पांढरी, बुडाला पांढऱ्या मुळ्यांसारखे दोरे. ही ओळखायची खरी वेळ, आणि धोक्याचीही, कारण अमानितासारख्या विषारी छत्र्याही लहानपणी अशाच अंड्यात असतात. मी एक उभं चिरलं. कातड्यासारखी साल, तिच्याखाली साबुदाण्याच्या खिरीसारखा थलथलीत थर, मग गडद हिरवा पट्टा, आणि मधोमध दाबून बसवलेला पांढरा दांडा. अमानिताच्या अंड्यात हा थलथलीत थर नसतो, टोपीखालच्या पडद्यांची रेघ दिसते. आणि सगळंच पांढरं, भरीव निघालं तर तो दुसराच कुठला गोळा. सालीआडचा दांडा पाहून मला आकाशकंदील आठवला, दुकानात चपटा मिळतो आणि घरी ताणला की उभा राहतो तसा. सगळ्या पेशी आधीच तयार असतात, पाणी शोषून त्या फक्त उलगडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन बसले. पाच वाजता साल फाटली, सातला दांडा उभा, आणि मग टोपीखालून जाळी हळूहळू सुटू लागली, साडी सोडून निऱ्या खाली याव्यात तशी. युरोपातली जात याच ताकदीने डांबरी रस्ता फोडून वर आलेली लोकांनी पाहिली आहे.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार होते. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात अंडी पुन्हा दिसली. एक न फुटलेलं अंडं ओल्या मातीसकट टिफिनच्या डब्यात घालून कॉलेजात नेलं आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर काचेच्या हंडीखाली ठेवलं, त्या जुन्या बरणीच्या शेजारी. हंडीच्या काठाखाली एक काडी सरकवून ठेवली, थोडी फट राहावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोचले तर शिपाई कपाटं भिंतीपासून सरकवत होता. हातात केरसुणी, नाकाला रुमाल. “मॅडम, खयतरी उंदीर मेलो हा,” तो म्हणाला. मी टेबलावर फडकं टाकलं, बाहेर उभ्या असलेल्या मुलामुलींना आत बोलावलं आणि सांगितलं, आधी डोळे मिटा.